बांधण्याआधी सोडायचं बघा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"ताई, माझं वय 33, नवऱ्याचं 36. लग्नाला सात वर्षं झाली. एकाने हात बांधून घ्यायचे आणि दुसऱ्याने पुढाकार घ्यायचा, असं काही करून बघावं हे दोघांच्याही मनात होतं. मागच्या महिन्यात माझी सिल्कची ओढणी वापरली. मजा आली, पण नंतर गाठ सुटेना. नवरा घामाघूम झाला. शेवटी स्वयंपाकघरातली कात्री आणून ओढणी कापली. माझ्या डाव्या अंगठ्याची मागची बाजू दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बधिर होती. आता तो म्हणतो, फर लावलेली हातकडी ऑनलाइन मागवू, किल्लीने उघडते, गाठीची कटकटच नको. मला वाटतं चांगला दोर घ्यावा. शेजारच्या खोलीत सासू-सासरे असतात आणि पलंग साधा बॉक्सचा आहे. काय घ्यावं, काय घेऊ नये? आणि त्याला मधूनच वाटतं, की आपल्यात काही बिघाड तर नाही ना? असले प्रश्न मराठीत विचारतात का, हेही माहीत नाही."

विचारतात. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकात वाचकांच्या अशाच खाजगी प्रश्नांना उत्तरं देत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. तेव्हा तो संकोच बाजूला ठेवू.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात असं: हातकडी नको, दोर इतक्यात नको. आतून मऊ अस्तर असलेले रुंद पट्टे घ्या, आणि ते येईपर्यंत घरातली जाडसर सुती ओढणी वापरा. मात्र या वस्तू का आणि त्या का नाहीत हे कळलं, तर पुढच्या वेळी दुकानात किंवा मोबाईलवर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिल्कची ओढणी सगळेच आधी हातात घेतात. मऊ आहे, सुंदर आहे, घरात आहे. अडचण अशी, की सिल्क बुळबुळीत असतं, त्यामुळे ओढ बसली की गाठ स्वतःतच सरकत सरकत आवळते आणि तिची पक्की निरगाठ होते. तुम्ही हात ओढून धरलेत (आणि त्या क्षणी हात ओढले जाणारच, तेच तर हवं असतं), की ती आणखी घट्ट. दुसरं म्हणजे चार बोटं रुंद ओढणी ताण बसल्यावर गोळा होऊन दोरीसारखी बारीक होते. सगळा भार मग मनगटाच्या बारीकशा रेघेवर येतो. तुमचा अंगठा बधिर झाला तो यामुळेच. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, हाडावर, कातडीच्या अगदी खालून एक मज्जातंतूची फांदी जाते आणि अंगठ्याच्या मागच्या बाजूची संवेदना तीच पुरवते. तिच्यावर दाब आला की नेमकी तेवढीच जागा मुंग्या येऊन बधिर होते. 1932 साली वॉर्टेनबर्ग नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने या दुखण्याचं वर्णन केलं. घड्याळाच्या घट्ट पट्ट्याने ते होतं आणि बेड्यांमुळेही होतं. पोलिसांच्या बेड्यांनी होणारा मनगटाचा बधिरपणा हा वैद्यकीय साहित्यात जुना, माहितीतला प्रकार आहे.

म्हणजे यजमानांच्या हातकडीचं उत्तर इथंच मिळालं. धातूची कडी अरुंद असते, तिला लवचीकता नसते, आणि वर चढवलेलं फर म्हणजे केसाळ कापडाची खोळ. आतलं लोखंड तेवढंच अरुंद राहतं. खेळण्यातल्या स्वस्त हातकड्यांचा आणखी एक दोष आहे. दाते एकेक पुढे सरकून त्या बसतात आणि त्यावर हात टेकला, कूस बदलली, की आणखी एक दाता सरकतो. खऱ्या बेडीला तो जागीच थांबवणारं दुसरं कुलूप असतं, या स्वस्त मालाला बहुधा नसतं. म्हणजे कोणी न आवळता ती आपोआप आवळत जाते. किल्लीबद्दल तर बोलायलाच नको. अंधारात, चादरीच्या घड्यांत, नखाएवढी किल्ली. फोटोत हातकडी चांगली दिसते, याबद्दल वाद नाही. ती फोटोतच राहू द्या.

याच यादीत वायर बांधायचे प्लास्टिकचे टाय, पॅकिंगची चिकटपट्टी, चार्जरची वायर, परकराची नाडी, नायलॉनचे मोजे आणि गच्चीवर कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी येते. यातलं काही बारीक आहे, काही ताणल्यावर आवळतं, काही कातडीला चिकटतं, आणि प्लास्टिकचा टाय तर कापल्याशिवाय निघतच नाही. क्रेप बँडेज मऊ असतं म्हणून लोकांना सुरक्षित वाटतं, पण ताणून गुंडाळलेलं इलॅस्टिक आकसत राहतं. तेही नको.

आता काय घ्यायचं.

मनगटाचे अस्तरवाले पट्टे ऑनलाइन काही शे रुपयांपासून मिळतात. ऑनलाइन मागवायचा धीर होत नसेल तर सर्जिकल सामानाच्या दुकानात रुग्णाचे हात धरून ठेवायचे मऊ पट्टे मिळतात. अतिदक्षता विभागात अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाने नळ्या ओढू नयेत म्हणून वापरतात ते. दिसायला रुक्ष, पण ज्याचे हात तासन्तास त्यात राहणार आहेत अशा माणसाचा विचार करून बनवलेले असतात. कुठूनही घ्या, पट्टा निदान दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर रुंद हवा. आतलं अस्तर कडेपर्यंत आलेलं हवं, नाहीतर रेक्झिनची कड मनगटात रुतते. पट्ट्याला लावलेल्या कड्याची शिवण ओढून बघा. दोन पट्टे जोडणारी साखळी किंवा पट्टी आकड्याने अडकवायची असेल आणि तो आकडा ताण असतानाही एका हाताने निघत असेल, तर उत्तम. रेक्झिनबद्दल एक सावधगिरी: कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. कापडाचे किंवा निओप्रीनचे, म्हणजे मऊ रबरी फोमचे, पट्टे धुता येतात, घामाचा प्रश्न मिटतो.

पट्टा बंद कसा होतो, हे मात्र तुमच्या घरात नीट बघावं लागेल. नवशिक्यांसाठी सगळे जण वेल्क्रो सुचवतात, आणि बरोबरच आहे. एका झटक्यात सुटतो, पुष्कळदा बांधलेल्या माणसालाही स्वतः सोडवता येतो, आणि सुरुवातीला हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पण रात्री पावणेबाराला, पलीकडे सासूबाई जाग्या असताना, वेल्क्रो उघडून बघा एकदा. चर्रर्र असा आवाज दोन भिंती ओलांडून जातो. बेल्टसारखं बक्कल गुपचूप निघतं, पण भोकातून खिळा काढायला दोन हात आणि चार-पाच सेकंद लागतात. मधला मार्ग म्हणजे दप्तराच्या पट्ट्याला असते तशी दोन्ही बाजूंनी दाबून उघडायची प्लास्टिकची क्लिप. आवाज 'टक्' एवढाच, आणि ताण असतानाही बहुतेक वेळा सुटते. माझं मत विचाराल तर तुमच्या परिस्थितीत क्लिप. घरी कोणी नसेल त्या दिवशी वेल्क्रो.

पट्टे येईपर्यंत सुती ओढणी, पंचा किंवा टर्किश टॉवेलच्या गाऊनचा पट्टा चालेल. ओढणी जाड हवी. वॉइल किंवा मलमल फार पातळ, जॉर्जेट आणि शिफॉन बुळबुळीत. ती उभी दुमडून चार बोटं रुंद पट्टी करा. हात पुढे घ्या, पाठीमागे नाही, कारण मागे बांधल्यावर खांद्यांवर ताण येतो आणि तोल गेला तर हात टेकता येत नाही. दोन्ही मनगटांत मूठभर अंतर ठेवून पट्टीचे दोन सैलसर वेढे घ्या. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका, शेजारी शेजारी पसरू द्या. मग बांधलेल्या हाताच्या आतल्या नाजूक बाजूला नव्हे, तर दोन मनगटांच्या मधल्या जागेत बुटाच्या नाडीसारखी सुरगाठ मारा आणि एक शेंडा लांब सोडा. तो शेंडा ओढला की सगळं सुटलं पाहिजे. वेढ्याखाली दोन बोटं आरामात जायला हवीत. एवढं झालं की हात हलकेच बाहेरच्या बाजूला ओढून परत दोन बोटं घालून बघा, कारण सैल असताना जाणारी बोटं ताण बसल्यावर कधीकधी जात नाहीत. ओढल्यावर वेढा आवळत गेला, तर तुम्ही नकळत सरकफास केलाय. सोडा आणि पुन्हा बांधा.

ही सगळी तालीम कपडे घालून, दिवा लावून, दुपारी करा. हसू येईल, येऊ द्या.

बांगड्या आधी काढा. काचेच्या तर नक्कीच. पट्ट्याखाली काच पिचली की मनगटावरच्या शिरांपाशीच लागते. घड्याळ, अंगठी, मनगटावरचा काळा धागा हेही काढून ठेवा. मेडिकलच्या दुकानातून पट्टी कापायची कात्री आणा, तिचा एक पाय चपटा आणि बोथट असतो, कातडीला न लागता कापडाखाली जातो. ती उशीखाली नको, हात पोहोचेल अशा ठरलेल्या जागी ठेवा, आणि जुन्या ओढणीवर एकदा चालवून बघा. स्वयंपाकघरातली टोकदार कात्री घाईत मनगटाशी नेणं ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट. ओढणी गेली त्याचं काही नाही.

बॉक्सच्या पलंगाला खांब नसतात, ही अडचण वाटते तेवढी नाही. गादीखालून जाणारी लांब पट्टी आणि तिच्या टोकांना मनगटाचे पट्टे, असा संच मिळतो. गादीच्या आणि माणसाच्या वजनाने तो जागेवर राहतो, आणि गरज नसेल तेव्हा गादीखालीच लपलेला असतो. पण सुरुवातीला कशालाच बांधायची गरज नाही. दोन हात एकमेकांना जोडले आणि नवऱ्याने 'वरच ठेव' म्हटलं, तरी जे हवं ते बरंचसं मिळतं. खिडकीच्या गजाला, दाराच्या कडीला आणि छताच्या पंख्याच्या हुकाला काहीही बांधू नका. उभ्या माणसाला चक्कर आली की पूर्ण वजन मनगटांवर येतं. हात डोक्यावर नेऊन ठेवले तर पाच-दहा मिनिटांतच मुंग्या येऊ शकतात, तेव्हा अधूनमधून खाली आणा. पहिल्या काही वेळा एकूण दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

गळ्याभोवती काही नाही. ओढणी नाही, पट्टा नाही, दोर नाही, गमतीतसुद्धा नाही. तोंडातही काही कोंबू नका. बांधलेल्या माणसाला खोलीत एकटं सोडून पाणी प्यायला जाऊ नका, पालथं झोपवून वर भार देऊ नका, आणि दोघांपैकी कोणी दारू घेतली असेल तर ती रात्र सोडून द्या, कारण नशेत मुंग्या जाणवतच नाहीत. मधुमेहामुळे हातापायांना आधीच बधिरपणा असेल, मनगटात नस दबायचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर मनगट बांधण्याचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चालू असताना नवऱ्याने 'बरं आहे ना?' विचारून उपयोग नाही. त्याला उत्तर नेहमी 'हो' असंच येतं. त्याऐवजी 'अंगठा वर कर', 'बोटं फाकव', 'माझं बोट दाब' असं सांगायचं. बोटं गार पडली, निळसर झाली तर सोडायचं. पण त्याहून घाई मुंग्या, बधिरपणा किंवा ढिली पडलेली पकड दिसली तर करायची, कारण मज्जातंतू दबताना दर वेळी दुखतं असं नाही. दंडाची बाहेरची बाजू, कोपराची आतली बाजू आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचं हाड या तीन जागांवर मज्जातंतू हाडाला लागून जातात. तिथे पट्टा कधीच नको. पाय बांधायचेच तर घोट्याच्या वर, मऊ पट्ट्याने.

थांबायचा शब्द आधी ठरवा. लटकं 'नको नको' या खेळात येतंच, म्हणून भलताच शब्द बरा. बरेच जण 'लाल' म्हणजे ताबडतोब थांब आणि 'पिवळा' म्हणजे जरा हळू असं ठरवतात. तुम्हाला कुजबुजायचं असल्यामुळे खूणही ठेवा: हातात किल्ल्यांचा जुडगा धरायचा, तो खाली टाकला की सगळं थांबलं. (जुडगा गादीवर पडेल असं बघा, फरशीवर पडला तर घर उठेल.) शब्द उच्चारल्यावर 'का गं, काय झालं' हा प्रश्न नंतर, आधी सुरगाठीचा शेंडा ओढायचा.

यजमानांची शंका. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, दोन प्रौढांच्या संमतीने होणारा असा खेळ आजार म्हणून राहिलेला नाही. आधीच्या आवृत्तीत तो होता, तो काढला. समोरच्याची संमती नसताना त्याला यातना देण्याची ओढ मात्र विकार म्हणून राहिली आहे. रेघ तिथे आहे, आणि तुम्ही दोघं तिच्या कितीतरी अलीकडे आहात. त्यांना हे वाचून दाखवा.

जाता जाता इतर वाचकांसाठी एक. हा मजकूर मोबाईलवर पुढे पाठवून 'बघ, सगळे करतात' असं नाखूश जोडीदाराला पटवायचा विचार कोणी करत असेल, तर तो सोडा. या बाईंना स्वतःला हवं आहे, म्हणून हे उत्तर. लग्न झालंय म्हणून होकार गृहीत धरता येत नाही, आणि मागच्या शनिवारचा होकार या शनिवारी आपोआप लागू होत नाही.

तुमच्या दोराकडे येते. दोर वाईट नाही. जपानमध्ये दोराने बांधण्याची स्वतंत्र कला आहे आणि तिच्यात साधारण 6 मिलिमीटर जाडीचे, सात-आठ मीटर लांबीचे तागाचे दोर वापरतात. पण तो ताग उकळून, तेल देऊन, वरची कुसं जाळून मऊ केलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानातली सुतळी आणि काथ्या कातडी सोलतात, आणि कारखान्यातून येणाऱ्या तागाला तेलाचा उग्र वास असतो. पट्ट्यांचा सराव झाल्यावर घ्यायचाच, तर 6 ते 8 मिलिमीटरचा मऊ सुती दोर घ्या, एकच वेढा कधी घेऊ नका, तीन-चार वेढे शेजारी शेजारी बसवून रुंद पट्टा होऊ द्या, आणि दोर भरभर खेचून काढू नका, घासून भाजल्यासारखं होतं. सुती दोराची गाठही ताणाखाली आवळते, म्हणून कात्री आहेच. कोणालाही छताला टांगायचे प्रकार व्हिडिओत पाहून घरी करू नका. ते वर्षानुवर्षं शिकलेल्यांचं काम आहे, आणि त्यांनाही दुखापती होतात.

तुमचा अंगठा आता पूर्ण ठीक आहे का, हे पत्रात नीट कळत नाही. त्या जागेवर कापूस फिरवून दुसऱ्या अंगठ्याशी ताडून बघा. अजून फरक वाटत असेल, तर हाडांच्या किंवा मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे जा. पुढे कधी एक-दोन दिवसांत बधिरपणा गेला नाही तरी हेच. मनगट वर उचललं जात नसेल किंवा पकड ढिली वाटत असेल, तर त्याच दिवशी. अशा दुखापती बऱ्याचदा आठवड्यां-महिन्यांत भरून येतात, पण नेमकं कुठे दबलंय हे वेळेवर कळायला हवं. डॉक्टरांना सगळी हकीकत सांगायची इच्छा नसेल तर नका सांगू. मनगटाभोवती कापड घट्ट आवळलं गेलं होतं, अंदाजे किती वेळ, आणि कुठली बोटं बधिर आहेत, एवढं त्यांना पुरतं.